दोन्ही हात वर

— नाही नाही, उठू नका हो मालनबाई, बसा. अण्णा यायला अजून अवकाश आहे — मठातलं प्रवचन संपलं तरी चार माणसं पाया पडायला थांबतात, मग वाटेत कोणीतरी मुहूर्त विचारतो, हमखास विचारतो — तोवर मला बोलू द्या. कॉफी घ्या ना. पेला आमचा रोजचाच दिलाय हं. दुसरा एक असतो न्हाणीच्या कोनाड्यात, बाहेरच्यांसाठी — तो नाही दिला. अय्यो, हे सांगायचं नव्हतं. घ्या, निवेल.

तुम्ही अण्णांना भेटायला का आलात ते मला ठाऊक आहे. बापाला न कळवता मुलीला बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसवायचं नाही असा तुमच्या मंडळाचा नियम — चांगला नियम आहे, मला आवडला — पण बाई, तुम्ही अण्णांपुढे तोंड उघडलंत की माझा गुरुवार संपला. त्यांना वाटतं मी गुरुवारी संध्याकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये असते. तुमच्या होस्टेलच्या हॉलमध्ये बसून इंग्रजी भजनं म्हणते, हे कळलं तर कॉलेजसुद्धा बंद होईल, मग मी काय, मल्लेश्वरमच्या देवळाच्या पायऱ्या मोजत बसू? आणि कशासाठी? मी हात वर केलाच नव्हता. म्हणजे केला होता. दोन्ही केले होते. पण ते तसे नव्हते हो, ऐका तर.

त्या गुरुवारी एकादशी होती. निर्जळी. पहाटे उठून थंड पाण्याने न्हायलेली, दिवसभर कॉलेज, पोटात थेंब नाही — आणि ते मद्रासहून आलेले उंचेले उपदेशक, त्यांचं ते सावकाश सावकाश इंग्रजी. गाणं मला कळतं, भाषण नाही कळत, खोटं कशाला सांगू? म्हणाले, सगळ्यांनी डोळे मिटा, माना खाली घाला. मिटले. पेटी हळू हळू वाजतेय — झोपले नव्हते मी, पण स्वल्प लांब गेले होते. ज्याने प्रभूला आपलं मन दिलं असेल त्याने हात वर करावा, असं ते म्हणाले म्हणे. माझ्या कानावर आलंच नाही. आणि नेमकी तेव्हाच तुमच्या चॅपेलची घंटा वाजली. आता तुम्हीच सांगा, अण्णांच्या, म्हणजे भीमाचार्यांच्या घरात वाढलेली मुलगी, जन्मभर मंगळारतीला उभी राहिलेली — घंटा वाजल्यावर ती काय करेल? हात जोडेल आणि डोक्यावर नेईल. मनाला विचारायला कोण थांबतंय?

हसताय? हसा, हसा. मी पण हसले — नंतर. तेव्हा मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते, ते गहिवरून म्हणत होते, एका भगिनीने दोन्ही हातांनी दिलंय — आणि मला वाटलं, कोण बाई ही एवढी भाविक, बघायला पाहिजे. डोळे उघडले तर तेच माझ्यापुढे उभे, डोळ्यांत पाणी. मग ती कोलारची मर्सी गळ्यात पडली, मग सगळ्या जणी, कोणी केस सारखे करतंय, कोणी केक हातात देतंय — एकादशीला, अंड्याचा. खाल्ला नाही हं. रुमालात बांधला. थोडासा खाल्ला. कडेचा.

तेव्हाच का नाही सांगितलं म्हणता? कशी सांगणार हो? माझ्यामुळे एवढी माणसं एकदम खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. मी जन्मले तेव्हासुद्धा झाली नसतील. हयवदन झाला तेव्हा पेढे, गुंडो झाला तेव्हा पेढे — माझे भाऊ हो, धाकटे — माझ्या वेळी, आजी सांगायची, साखर वाटली, ती पण मागून. राग नाही हं मला, मी आपली सांगते.

आणि गुरुवार मला का पाहिजे ते पण ऐका. आधी नुसती गाण्यासाठीच आले, मर्सीने ओढून आणली म्हणून, ते चार आवाजांत गायचं काय सुंदर असतं, आपला एक धागा आपण सोडायचा नाही, बस. पण मग एकदा मर्सी उभी राहिली, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, प्रभू, आमच्या वसुमतीला रसायनाच्या प्रयोगाची भीती वाटते, तिचा हात थरथरतो, तू तिच्याजवळ उभा राहा. मला असं हसू फुटलं — देव येणार, लॅबच्या टेबलापाशी उभा राहणार, ॲसिडच्या वासात. ओठ चावून बसले. आणि बाहेर येऊन सायकलींच्या मागे जाऊन ढसढसा रडले. का, तर आमच्याकडे रोज पूजेला संकल्प होतो, त्यात गोत्र येतं, अण्णांचं नाव येतं, हयवदनचं येतं, गुंडोचं येतं. माझं येत नाही. मुलगी दुसऱ्या गोत्रात जायची, तिचं नाव कशाला? रीतच आहे. पण माझं नाव घेऊन, माझ्यासाठी, कोणी देवाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं हो. सोमवारी हात थरथरायचा तो थरथरलाच, नळी फुटलीच. तरी बरं वाटत होतं.

माझा कृष्ण मला पुरतो, बाई. त्याला सोडायची नाही मी, आत्ताच सांगते, त्या वर्गातून माझं नाव काढा. पण गुरुवार मला सोडवत नाही. तेवढा — काय? येऊ? तशीच येऊ, बाप्तिस्म्याशिवाय? आणि गायचं पण? सरी, सरी, बरं, पुन्हा एकदा म्हणा. अय्यो, आणि मी रात्र रात्र जागून काय काय रचून ठेवलं होतं. मग तुमचं अण्णांशी कामच उरलं नाही —

फाटक वाजलं. अण्णाच. लवकर आले. चला, चला, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने, बोळातून सरळ रस्ता लागतो, चपला मी घेते तुमच्या. छत्री राहिली. धावू नका, पण चला — असं काय बघताय? तुमच्यासारख्या बाईला मोरीजवळून बाहेर काढायचं, मलाही बरं वाटतंय का? ज्यांच्याकडे माझं नाव घेतात त्यांना —

नाही. बसा. बसा हो, मालनबाई, खुर्चीवरच बसा. तुम्ही काही बोलू नका.

अण्णा, या मालनबाई. मी गुरुवारी लॅबमध्ये नसते, यांच्याकडे असते.