तिसऱ्या कडव्यातलं मौन

—तिथं नको, तिथं नको! तो खोका मोडका आहे, पाळकसाहेब वर आले की त्यांना बसवायला मुद्दाम ठेवलाय. तू इकडे ये, बाकावर बस. अगं-तुगं केलेलं चालतं ना? नाही म्हणालीस तरी करणार, या वयात जीभ वळवायची म्हणजे मान लचकते. तर काय विचारत होतीस—आमच्या ऑर्गनवाल्या मास्तरांच्या गाण्यांमागची खरी माणसं. आणि तुला मंडळीच्या अध्यक्षांनी पाठवलं. म्हणाले असतील, चर्चमध्ये वर ऑर्गनच्या मागच्या खोलीत एक म्हातारा बसतो, मास्तरांच्या वेळी भाता मारायचा, त्याच्याकडून चार गोष्टी काढून घे, पण सगळ्या खऱ्या धरू नकोस. म्हणाले ना? बघ, हसलीस. बरोबरच सांगितलं त्यांनी. माझं निम्मं खोटं असतं. कुठलं निम्मं ते मात्र मी सांगत नाही, नाहीतर मजा काय राहिली?

लाव तुझं ते यंत्र. हा दांडा बघ आधी. हा खाली दाबला की त्या चामड्याच्या भात्यात हवा, भात्यातली हवा नळ्यांत, आणि मग पुढं मास्तरांनी बोट टेकलं की सूर. आता मोटार बसवलीय, बटण दाबलं की झालं. पण तेव्हा हवा म्हणजे मी. लोकांना वाटायचं मास्तर वाजवतात—मास्तर कसले, निम्मं तर मी वाजवायचो! जुने पाळक होते ना, त्यांना गीत आवडलं की सगळी कडवी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची खोड. मी काय करायचो—पुन्हा सुरू झालं रे झालं की हात जरा सैल. ऑर्गन असा म्हशीसारखा हंबरायला लागायचा, बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि पाळक म्हणायचे, “आपण येथेच थांबू या.” मास्तर नंतर मागं येऊन मला शिव्या द्यायचे. म्हणजे शिव्या कसल्या, देवाचा माणूस तो—“गाढवा” म्हणायचे, ते पण हळू, वर ऐकू जाईल म्हणून.

हां, गाणी. ‘उतरव आता ओझे’—हे घेतलंय ना तुम्ही तुमच्या त्या गाण्यांच्या पुस्तिकेत? त्यावर प्रवचनं झालीत, ओझं म्हणजे पाप, ओझं म्हणजे अहंकार. ओझं म्हणजे कपाट होतं, पोरी! मास्तर राहायचे त्या इमारतीत एक हमाल कपाट पाठीवर घेऊन चालला होता, जिन्याच्या वळणावर अडकला. ना वर, ना खाली. मास्तर त्याच्या मागं, हातात भाजीची पिशवी. जायला वाट नाही. वरून मालकीण ओरडतेय, “ओरखडा आला तर बघ,” खालून शेजारी ओरडतोय, आणि हमाल मात्र कपाटाखालून शांतपणे म्हणतो, “बाई, आधी मला बाहेर काढा, मग ओरखडे मोजा.” मास्तर तिथंच पायरीवर बसले आणि त्या पिशवीवर बोटांनी ठेका धरला. घरी पोचले तेव्हा भाजी सुकलेली, गाणं तयार. हमालाला कधी कळलंच नाही. नाही, हे खरं निम्म्यातलं आहे. देवाशप्पथ. म्हणजे मी देव मानतो की नाही यावर बरीच मतं आहेत, पण शपथ त्याचीच घ्यावी लागते, दुसऱ्या कुणाची चालत नाही.

आणि ‘जागा राहा, पहारेकऱ्या’? ते दवाखान्याच्या फाटकावरच्या रखवालदारावर. इतका झोपायचा की एकदा मी त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या—बरं बरं, ते तुझ्या पुस्तिकेत नको.

काय? ‘उंबऱ्यावर उभी मी’? येणारच त्यावर, मला माहीत होतं. सगळे त्यावरच येतात. त्याचं काय, छापलंय की सगळीकडे. उंबऱ्यावर उभी ती म्हणजे मानवी आत्मा. तिसऱ्या कडव्यात ‘आत ये म्हणशील का?’ असं विचारून गाणं थांबतं, ऑर्गन थांबतो, सगळी मंडळी मान खाली घालून गप्प—आणि मग शून्यातून एक सूर हळूहळू वर येतो, उजाडल्यासारखा. कारण मास्तरांना त्या क्षणी देवदूत दिसला. छान आहे. तेच लिही. मी काय वेगळं सांगणार—मी मागं होतो, देवदूत पुढच्या दाराने आला असेल.

हे काय? कानाला लावू? नवीन रेकॉर्डिंग केलंय म्हणतेस, अध्यक्षांनी खास करून घेतलंय. बरं, लाव. अगं, केस ओढतेस, आधीच मोजके... हां. हां, आवाज चांगला आहे मुलीचा. पहिलं कडवं. नाकात गाते जरा, पण चालायचंच. ...हं. ...दुसरं.

...

हे काय वाजतंय?

नाही, इथं—इथं, ‘म्हणशील का’च्या पुढं. हे कुईं कुईं काय आहे? व्हायोलिन? कशाला? कसले पंख? देवदूताच्या पंखांची—काढ. काढ हे कानातलं. काढ म्हणतो ना!

नाही, राग नाही आला. मला राग येत नाही, कुणालाही विचार. पण कुणी सांगितलं तिथं वाजवायला? अध्यक्षांनी. रिकामी जागा ऐकणाऱ्याला खटकते म्हणाले? लोकांना वाटतं यंत्र बिघडलं? वाटू दे ना! खटकायलाच आहे ती! बिघडलंच होतं त्या दिवशी! आणि देवदूत देवदूत काय लावलंय—अगं, तो देवदूत मी केलाय. मी! मासिकाचा एक माणूस आला होता, तुझ्यासारखाच वही घेऊन, चष्मा पुसत, त्याला मी या बाकावर बसवून थाप ठोकून दिली. पोरांनी विचारलं तर मी सांगायचो भात्यात उंदीर शिरला होता, शिंप्याला सांगितलं मला शिंक आली, त्याला सांगितला देवदूत. मला काय माहीत तो छापेल! आणि छापल्यावर मोठमोठे शहाणे त्यावर डोळे पुसतील! हसून हसून पोट दुखलं होतं माझं. आता माझाच देवदूत पंख फडफडवत तिच्या जागेत घुसवताय होय?

तिच्या म्हणजे—कुणाच्या नाही. इस्त्रीवालीच्या. होती एक. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. पाळकांचे झगेसुद्धा तीच करायची, काय कडक करायची, झगा एकटा उभा राहायचा, आत पाळक असो नसो. झगा चालायचा हां तिच्या हातचा. ती नाही चालायची. नवरा होता तिला, मारायचा, ती निघून आली. निघून आली आणि दुसऱ्या एकाबरोबर राहिली, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. नवरा जिवंत, मग लग्न कोण लावणार? मंडळीनं ठरवलं, अशा बाईनं आत बसायचं नाही. बरं, तो दुसरा जो होता, तो मात्र दर उपासनेला आत. का? कारण तो ऑर्गनच्या मागं असायचा. दिसायचा नाही. पाप दिसलं नाही की हवेसारखं असतं बघ, त्याच्यावर गाणं चालतं.

हां. मीच तो. आता डोळे एवढे मोठे करू नकोस, बाहेर पडतील.

मी म्हणायचो, जाऊ नकोस तिथं, घरी बस, मी तुला सगळी गाणी घरी म्हणून दाखवतो. ती म्हणायची, “तुमचा आवाज ऐकून देवसुद्धा दार लावून घेईल.” आणि यायची. दाराच्या चौकटीत उभी राहायची, पाऊल आत नाही, पाठ बाहेर नाही. येणारे जाणारे अंग चोरून जायचे. मास्तरांना दिसायची ती. पाठ असायची त्यांची दाराकडे, पण वाजवणाऱ्याच्या डोक्यावर तो आरसा असतो ना, पाळक कधी उठले कधी बसले ते कळावं म्हणून—जा, बस तिथं आणि बघ त्यात काय दिसतं. पाळक अर्धे दिसतात. दार पुरं दिसतं. एक दिवस मागं येऊन मला म्हणाले, “गाढवा, तुझ्या बायकोवर गाणं केलंय.” बायको म्हणाले, हां! त्यांच्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. ‘उंबऱ्यावर उभी मी, प्रभो, दार लोटलेले, आतल्या दिव्याचे ऊन पायांवर सांडलेले.’ सगळी मंडळी ते गायला लागली, तिच्याचकडे पाठ करून, आणि ती दारात उभी राहून हसायची. मला घरी म्हणायची, “आता मी आत नाही, पण सगळ्यांच्या तोंडात आहे.”

मग ती गेली. तापानं गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कारभारी होते तेव्हा मंडळीचे, मोठा माणूस, त्यांचा फोटो खाली लावलाय, हार घातलेला—तुमच्या अध्यक्षांचे आजोबा. ते म्हणाले, शवपेटी दारापर्यंत आणा, प्रार्थना करतो, पण आत नाही आणि ऑर्गन नाही. मास्तर आले, बसले, बाह्या सारल्या. मी इथं, दांड्याशी. मला लोक म्हणाले, तू आज बाहेर तिच्याजवळ थांब. म्हटलं, मग हवा कोण देणार? तुम्ही?

‘उंबऱ्यावर’चं पहिलं कडवं झालं. लोक गायला लागले, करणार काय, गाणं तोंडपाठ. दुसरं झालं. तिसऱ्याला या दारातून कारभारी आत. इथं, तू बसलीस तिथं उभे. दांडा धरला माझा. मोठा हात, अंगठी वगैरे. मी ओढतोय, ते सोडेनात. वरचा सूर असा लांब सुस्कारा टाकून खाली खाली गेला आणि मेला. बरोब्बर ‘आत ये म्हणशील का?’ला. मास्तरांनी मात्र बोटं उचलली नाहीत. पट्ट्या दाबूनच बसले. आवाज नाही, नुसती बोटं. आणि मंडळीही बसली नाही, हलली नाही. कुणाला काही दिसत नव्हतं, पण कळत असावं. कारभारी माझ्या कानात म्हणतात, “लाज बाळग.” मी काय केलं? चावलो. हो! मनगटाच्या वर, कचकचून. तेव्हा दात होते मला, आणि काय दात होते! सुटला दांडा. मारला मी भाता—आणि बोटं तिकडं दाबलेलीच होती ना, त्यामुळं सूर एकदम नाही आला, हवा भरेल तसा आला. कण्हत आला, मग उभा राहिला, मग एवढा झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. लोकांनी तो उजेड म्हटलं. मास्तरांनी नंतर गीताच्या पुस्तकात छापून घेतलं, ‘येथे मौन’. एवढंच. कारण नाही लिहिलं.

कारभारी? ते काय सांगणार! म्हणाले कुत्रं चावलं. डॉक्टरांनी मग पोटात कुत्र्याची इंजेक्शनं दिली, सगळीच्या सगळी! आणि तक्रार करायची सोय नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी हेच गीत मागितलं. मी वाजवलं—म्हणजे हवा दिली. तिसऱ्या कडव्याला सगळं घर मान खाली घालून गप्प. तुमचे अध्यक्ष तेव्हा शाळेत होते, सर्वांत खाली मान त्यांची. तिच्यासाठी त्या घराण्यानं असं दर वेळी गप्प राहायचं, याहून मोठी खोडी मला जन्मात जमली नाही. आणि ती भरून काढताय व्हायोलिननं?

ए—ते यंत्र मी विसरलोच, तो तांबडा दिवा अजून लागलाय का त्याच्यावर? मगापासून? सगळं गेलं आत?

बंद कर. पूस ते. पूस म्हणतो, पोरी, तुला कळत नाही—मास्तरांनी सांगितलं होतं मला, “बोललास तर गीत पुस्तकातून जाईल, आणि गीत गेलं तर ती गेली. थापा मार, तुला येतं ते.” म्हणून तर उंदीर, म्हणून शिंक, म्हणून देवदूत. मला काय हौस होती? होती थोडी. पण एवढी वर्षं मी—

थांब. हात लावू नकोस.

राहू दे.

नाही, राहू दे म्हणतो. गप्प बसून काय वाचलं? माझ्या थापेनंच तिची जागा खाल्ली. ऐकव जा त्यांना. चिडले तर चिडू दे. गाणं काढतो म्हणाले तर काढा म्हणावं! पुस्तकाचं पान फाडता येईल. गावातल्या प्रत्येक घरानं आपलं माणूस पोचवताना म्हटलंय ते, त्यांच्या तोंडातून काढून दाखवा म्हणावं. आणि व्हायोलिन आधी काढा. त्या जागेत काही वाजायचं नाही. चूक वाटली तर वाटू दे, बिघाड वाटला तर वाटू दे, खटकली पाहिजे, एकेकाला चपलेतल्या खड्यासारखी खटकली पाहिजे.

आणि तुझ्या त्या पुस्तिकेत ‘गाण्यामागची व्यक्ती’ असं लिहिता ना तुम्ही, तिथं आत्मा लिहू नकोस. देवदूत लिहू नकोस. लिही, इस्त्रीवाली. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतली. पुढं लिही, भाता मारणाऱ्याची बायको. थबकलीस का? बायको. बा-य-को. परवानगी कुणाची घेतलेली नाही, असंही लिही हवं तर, कंसात. लिहिलंस? वाच बघू मोठ्यानं.

...परत वाच.

हां. निघ आता.