उभ्यानं खुरपायचं खुरपं

बारामतीतल्या माझ्या दुकानातनं नाक मुरडून गेलेलं गिऱ्हाईक परत येतंच, हे मी छातीठोकपणे सांगतो. अंथुर्ण्याच्या सुमनकाकूंचंच घ्या. त्यांची नवी सून शहरातली, तिला बसून खुरपायला जमेना. म्हणून मी तिला लांब दांड्याचं, उभ्यानं खुरपायचं खुरपं बनवून दिलं. काकू ते बघून दुकानातच हसल्या.

"खुरपं हाय का झाडू? शिकाऊ माणसाला ठीक हाय. आमाला न्हाय लागत असलं."

महिन्याभरात काकू एकट्याच आल्या. "तसलंच एक मला कर."

"सुनेचं घ्या की, काकू."

"ती सोडतीय व्हय!"

"पण ते तर शिकाऊ माणसाचं!"

"मग? हात माझा जुनाच हाय रं, गुडघं शिकाऊ झाल्यात."