एक घर, एक डबा

नाही, पण मी म्हणतो, सरकारला काय करायचं होतं ते करायचं ना! इतक्या वर्षांचं आपलं चलन, कुना, नको, युरो पाहिजे? घ्या युरो! पण निदान माणसाला विचारा तरी, की बाबा येर्को, तुझ्या घरात काही अडचण नाही ना? कोण विचारतोय! टीव्हीवर एक टायवाला आला आणि हसत हसत म्हणाला, 'एक जानेवारीपासून युरो! गाद्यांखालचे कुना बाहेर काढा आणि पोस्टात बदलून न्या!' अरे, हसतोस काय? तुझं लग्न झालंय का लेका?

तुम्हाला सांगतो, कुना चलनात आला त्याच वर्षी माझं नेवेन्काशी लग्न झालं. अठ्ठावीस वर्षं! आणि अठ्ठावीस वर्षांत पैशावरून आमच्यात वाकडा शब्द नाही. का? तर आमच्या लग्नाचा साक्षीदार बेपो. साक्षीदार म्हणजे आमच्या बेटांवर सख्ख्या भावाच्या वर, त्याचा शब्द खाली पाडायचा नाही. त्यानं भर जेवणात खुर्चीवर चढून आम्हाला बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा दिला आणि गरजला, 'एक घर, एक डबा! तिचा पगार यात, तुझी मासळी यात! ज्यानं वेगळा खिसा केला त्यानं घर फोडलं!' लोक टाळ्या वाजवतायत, नेवेन्का रडतेय, मी रडतोय... आणि तेव्हापासून तो डबा आमच्या स्वयंपाकघरात फळीवर. नेवेन्का शाळेत पोरांचा स्वयंपाक करते, तिचा पगार डब्यात. माझी मासळी डब्यात. एक घर, एक डबा!

आता... मी थोडे बाजूला ठेवत होतो. ठेवत होतो! असं बघू नका माझ्याकडे! अहो, एकसष्ट वर्षांचा घोडा झालो, होडी अजून हातानं वल्हवतो. हे खांदे बघा, जानेवारीचा वारा सुटला की रात्रभर ठणकतात. मला एक इंजीन पाहिजे. राजवाडा नाही मागितला, इंजीन! जुनंपानं चालेल! पण डब्याकडे हात नेला की नेवेन्काचं सुरू, 'येर्को, छप्पर गळतंय... येर्को, पोरीची फी... येर्को, पुढच्या वर्षी बघू.' असं पुढचं वर्ष अठ्ठावीस वेळा आलं! मग माणूस काय करील? उन्हाळ्यात खाणावळीवाल्याला मासळी दिली की शंभरेक कुना परस्पर होडी ठेवायच्या खोलीत, वडिलांच्या जुन्या गमबुटात. डाव्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! याला काय चोरी म्हणतात? हा विचार झाला. दूरचा विचार.

तर आला का हा टायवाला! आता त्या गमबुटाचं करू काय? शेवटी नेवेन्का म्हणाली, 'गुरुवारी मी बोटीनं स्प्लिट शहरात जाते, दात दाखवायला.' मी म्हटलं, 'जा गं, दाताची हयगय बरी नव्हे.' इतका प्रेमानं बोललो की ती दारात थबकलीच. बोट सुटल्याचा भोंगा ऐकला आणि निघालो मी, मासळीच्या पिशवीत पैसे, वर जाळ्याचा तुकडा.

पोस्टात बघतो तर अख्खं गाव! प्रत्येकाच्या कोटाला पोट आलेलं! आणि बोलणं ऐका. 'मी आपला तिकिटं घ्यायला.' 'मी आपली पाकिटं घ्यायला.' मेल्यांनो, वीस वर्षांत पत्र लिहिलंय कुणी? चोरांची नुसती जत्रा! मी नाकानं कांदे सोलत उभा, की बघा ही माणसं, घरात बायकोशी दगाबाजी... आणि खिडकीपाशी पहिल्या नंबरवर कोण? तपकिरी कोट. हिरवा रुमाल. काखेत कपडे धुण्याच्या पावडरीचा भलामोठा खोका. नेवेन्का!

तळपायाची आग मस्तकात गेली! दात दाखवायला गेलेली बायको ही! एक घर, एक डबा, आणि हा खोका कुणाचा? मी ओरडणार, तर माझ्या हातातली पिशवी मला आठवली. म्हटलं, मागच्या मागे सटकावं. पण आमच्या गावात सटकता येतंय? मागून पेरिना म्हातारी, कानांनी बहिरी, आवाज फुटक्या घंटेचा, 'अगं नेवेन्का! तुझा नवरा इथं मागं उभा आहे! जा रे येर्को, पुढं जा, एका घराला दोन रांगा कशाला?' आणि ढकलला की मला सगळ्यांनी पुढं!

खिडकीत दिंका. कालची पोर, आमच्या पोरीच्या वर्गातली. ती माझी पिशवी बघते, हिचा खोका बघते आणि खणखणीत आवाजात विचारते, 'काका, काकू, एकत्र करायचे का वेगवेगळे?'

अख्खी रांग कान टवकारून पुढं सरकली. अठ्ठावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं हो! आणि नेवेन्का, चेहऱ्यावरची माशी हलू न देता, म्हणते कशी, 'एकत्र. आमचं एक घर, एक डबा.'

यंत्र फडफडायला लागलं. तिच्या खोक्याचं थांबेचना! माझ्या पिशवीच्या तिप्पट! मी दात-ओठ खात विचारलं, 'कशासाठी साठवलेस एवढे?'

'पहिली दहा वर्षं तुला सोडून जायला.'

'आणि नंतर?'

'नंतर तुला मातीत पुरायला. मग सवय लागली.'

हसा, हसा! पोस्टही असंच हसलं. पण मला लागलं हो ते. त्या पहिल्या दहा वर्षांत मी रोज घरी येताना शीळ घालत यायचो.

तेवढ्यात दिंका म्हणते, 'काका, तुमच्या पिशवीतले सहा हजार तीनशे कुना.' म्हटलं, पोरी, यंत्र बिघडलंय, माझ्या हिशोबानं अकरा हजार आहेत! तर नेवेन्का शांतपणे, 'बरोबर आहे. दोनदा छपराला घेतले, एकदा पोरीच्या फीला. आणि मधूनमधून माझ्या खोक्यात टाकले. डाव्या बुटात दमट होत होते.'

माझ्या गमबुटातले! म्हणजे मी डब्याचे चोरायचे, तिनं माझ्यातून चोरायचे! मी ओरडलो, 'चोर ते चोर आणि वर शिरजोर? ते माझ्या इंजिनाचे पैसे होते!' तर म्हणते, 'माहीत आहे. म्हणून तर घेतले. इंजीन आलं की तू रोज समोरच्या बेटावर बेपोकडे पीत बसणार. वल्ही आहेत म्हणून संध्याकाळी घरी दिसतोस.'

आणि मग जरा हळू, फक्त मला ऐकू येईल असं, 'आणि घरी दिसावास असं वाटतं. कधीपासून ते विचारू नकोस.'

आता यावर माणसानं भांडायचं कसं, तुम्हीच सांगा! संताप आलेला, आणि तो ठेवायला जागा नाही! पेरिना म्हातारी ओरडतेय, 'काय म्हणाली? काय म्हणाली?'

तर सगळे युरो गेले निळ्या डब्यात. इंजीन? पुढच्या वर्षी बघू! पण मीही येर्को आहे. परवा खाणावळीवाल्यानं वीस युरो दिले, मी ते सरळ होडीच्या खोलीत नेले. म्हटलं, डावा तिला माहीत आहे ना? मग उजवा! हात घातला, तर आत चिठ्ठी. तिच्या अक्षरात.

'उजवा उंदरानं कुरतडलाय. डाव्यातच ठेव.'

ठेवले. डाव्यात. काय करणार?