रुमाल टाकून धरलेली जागा

हावडा स्टेशनवर चौकशीच्या रांगेत मराठी कानावर पडलं, तशी नूपुरने हेडफोन काढले. एक साठीचे गृहस्थ खिडकीवरून बायकोकडे परत येत होते.

"दीघ्याची पॅसेंजर बंद झाली म्हणे. केव्हाच."

"आणि काल शेजाऱ्यांना तिची महती सांगत होतात!"

"सांगणारच. त्या गाडीला माझ्याइतकं कोण ओळखतं? तुझ्या माहेरच्यांना बसवून दिलं, माझ्या भावाला दिलं, बँकेतल्या साहेबांच्या सासूबाईंनासुद्धा. रुमाल टाकून खिडकीची जागा धरायला मीच."

"आणि गाडी सुटली की रुमाल घेऊन आपण घरी."

"दीघ्याचा समुद्र कुठे पळून जातोय, असंही मीच म्हणायचो. समुद्र आहे जागेवर. गाडी पळाली."

"पाहुणे आले की जाऊ म्हणायचात. ते आले की म्हणायचात, त्यांना अडचण नको."

"अख्ख्या कोलकात्यात दीघा न पाहिलेला दीघ्याचा जाणकार मी एकटाच. सत्कार करा माझा!"

"सत्कार मागाहून. आधी दुसऱ्या गाडीची तिकिटं काढा. आजच."

"आज? अगं, दिवाळीत आपला क्षितिज सुट्टीला घरी येतोय. त्याच्याबरोबरच जाऊ की."

नूपुरला हसू आवरेना. बाईंनी नवऱ्याच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि त्या तिच्याकडे वळल्या.

"मराठी कळतंय ना तुला? मग सांग बाई, एकाच माणसाचं तिकीट कुठल्या खिडकीवर मिळतं?"