वासाला मार्क

फिटर : शून्य? काकू, काल शून्य, आज शून्य. पाचपैकी एखादा तरी मार्क द्या की वासाला.

इस्त्रीवाली : नसलेल्या वासाला कुठून देऊ? प्लांटला आग लागली तेव्हा पाचपैकी पाच देत होते. तेव्हा नाही म्हणालात, काकू, जरा हात आखडता घ्या.

फिटर : तेव्हा अख्खी गल्ली पाच देत होती. पण आज समोरच्या शिंपीणबाईंनी चार दिलेत. शेजारच्या मास्तरांनीही चार.

इस्त्रीवाली : मास्तरांनी जन्मात कुणाला पाचपैकी चार दिले नसतील. तुमच्या घाणीचं नशीब.

फिटर : चेष्टा नाही हो. मैलापाण्याच्या टाक्यांत हवा सोडणारे चार ब्लोअर जळाले, त्यातले आत्ता कुठे दोन सुरू झालेत. हवा पुरत नाही तोवर पाणी कुजणार, आणि कुजलं की वास मारणारच. आमची प्लांटवाल्यांची नाकं कधीच मेलीत, म्हणून तर दारोदार फिरून तुम्हाला विचारायचं. तुमची नाकं हाच आमचा मीटर.

इस्त्रीवाली : मग मीटर शून्य दाखवतोय, आनंद माना. मी तर सकाळीच ह्यांना फोन करून टाकला, या म्हणून. निघालेत. येतीलच एवढ्यात.

फिटर : काकांना बोलावलंत? आणि त्यांच्या छातीचं काय? डॉक्टरांनी नको सांगितलंय ना?

इस्त्रीवाली : वास आहे तोवर नको, असं सांगितलंय. म्हणून तर धाकट्या दिरांकडे धाडलं. आता वास गेलाय. घर खायला उठतं हो. दवाखान्याच्या कोटांचं काम नसतं तर मीही गेले असते त्यांच्याबरोबर. कोटांवर पाणी शिंपडायचं काम ह्यांचं. आता शिंपडायचं मीच, इस्त्री फिरवायची मीच, आणि बोलायला कुणी नाही म्हणून कोटांशी भांडायचंही मीच.

फिटर : काकू, रागावू नका. वास गेलेला नाही. तुमचं नाक दमलंय. तोच वास दिवसरात्र घेतला की नाक सोडून देतं बिचारं. आमचं तसंच झालं.

इस्त्रीवाली : शिंपीण याच गल्लीत राहते. तिचं बरं नाही दमलं?

फिटर : त्या दिवसभर कारखान्यात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मास्तर शाळेत. संध्याकाळी कोपऱ्यावर वळले की पहिल्याच श्वासाला त्यांना कळतं. तुम्ही तर उंबरा ओलांडत नाही.

इस्त्रीवाली : तुम्ही तुमचे ब्लोअर दुरुस्त करा, माझ्या नाकाच्या भानगडीत पडू नका. हे बघा, आलेच.

(नवरा दारात येतो. पिशवी खाली ठेवतो, पण लगेच आत येत नाही.)

नवरा : काय फिटरसाहेब, दुरुस्ती सोडून गप्पा?

इस्त्रीवाली : आधी आत या. केवढे वाळलात. जाऊबाई जेवायला घालत होत्या ना नीट?

नवरा : घालते गं. न मागता सगळं मिळतं, तोच तर त्रास. चहा टाक म्हणून हाक मारायला कुणी नाही, आणि आत्ताच तर झाला म्हणून खेकसायलाही कुणी नाही. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै. पुढचं मी आठवायचंच सोडून दिलं.

इस्त्रीवाली : आता रोज खेकसते. बसा. काय, वास येतोय का?

नवरा : वास? कसला वास?

फिटर : काका, खरं सांगा. पाचपैकी किती?

नवरा : शून्य. घ्या लिहून.

इस्त्रीवाली : बघा, मी म्हटलं नव्हतं? पण अहो, तुम्ही तोंडाने का श्वास घेताय?

नवरा : बसथांब्यापासून चालत आलो. वय झालं आता.

इस्त्रीवाली : माझ्याकडे बघा. एक मोठा श्वास घ्या. नाकाने.

नवरा : घेतो की. हा बघ... हा...

इस्त्रीवाली : थांबा, थांबा. पाणी घ्या. हळू. खोकला थांबला की बोला. किती?

नवरा : चार. साडेचार म्हण.

इस्त्रीवाली : आणि शून्य सांगत होतात. माझ्या तोंडावर.

नवरा : इतक्या दिवसांनी तू फोनवर 'या' म्हणालीस. मग मी वासाला मार्क देत बसू होय?

फिटर : काका, तिसरा ब्लोअर येतोय. तो लागला की फरक पडेल. पण आज इथे मुक्काम नको. परतीची बस आहे अजून.

इस्त्रीवाली : मला एक सांगा. दमलेलं नाक परत ताळ्यावर येतं?

फिटर : येतं ना. वास हटला की येतं. का हो?

इस्त्रीवाली : ह्यांचा एक शर्ट ठेवलाय मी. जाताना अंगातून काढलेला, तसाच, न धुतलेला. लोकांना कळलं तर हसतील, इस्त्रीवालीच्या घरात मळका शर्ट. उशाशी घेऊन निजते. परवापासून त्याला ह्यांचा वासच येईना. मला वाटलं, गेला उडून. फार रडले. मग म्हटलं, आता माणूसच बोलावलं पाहिजे.

नवरा : वेडी आहेस का गं तू?

इस्त्रीवाली : आहे. खिडक्या लावून घेते, चहा टाकते. चहा घ्यायचा आणि निघायचं.

फिटर : मी येतो काकू. काकांना बसपर्यंत सोडायला येईन परत.

नवरा : बरं, निघतो. पण तिकडे माझे दोनच शर्ट आहेत. तो दे इकडे, घेऊन जातो.

इस्त्रीवाली : तो नाही. दुसरे देते, कालच कडक इस्त्री केलीय त्यांना. तो असू दे इथेच. नाक परत आलं की लागेल मला.