डावीकडची खुर्ची

...नाही, पण मी काय म्हणते, माणूस विमान उडवतो ना? ढगांच्या वर, एवढी माणसं मागे बसवून, उडवतो ना? मग त्याला पुढे सरकायला दवाखान्यातल्यासारखा नंबर का लागतो? तुम्हाला सांगते, आमचे हे पायलट आहेत म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, कॅप्टन का? मग मी म्हणते, नाही, को-पायलट... झालं, डोळे विझले! शेजारच्या काकूंनी तर मला सरळ विचारलं, की म्हणजे ते चालवतात, का नुसते सोबतीला बसतात. आता काय सांगायचं, कपाळ? यांच्या कानावर घातलं तर हे बूट पुसता पुसता शांतपणे म्हणाले, "होईल गं. नंबरानं होईल."

हा नंबर काय प्रकार आहे ते ऐका, कारण माझी सगळी उमेद त्यात गेलीय. विमानात पुढे दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे को-पायलट. उडवता दोघांनाही येतं, परीक्षा दोघांच्याही होतात. पण डावी खुर्ची मिळणार ती हुशारीवर नाही, वयावर नाही, तर कंपनीत कोण आधी रुजू झालं त्यावर! आणि डावीकडचा उठल्याशिवाय उजवीकडचा बसणार कुठे, त्याच्या मांडीवर? बरं, वैतागून दुसऱ्या कंपनीत जावं, तर तिथे रांगेत सगळ्यात शेवटी, काल मिसरूड फुटलेल्या पोरांच्या मागे. म्हणजे एक वेळ नवरा बदलता येईल, कंपनी बदलता येत नाही. हे मी यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते, पण ढिम्म.

आणि रुजू व्हायच्या दिवशी यांनी काय केलं माहितीये? ऑफिसच्या दारात दुसरा एक जण उभा, जिना चढून धापा टाकत. तर आमचे हे दार धरून त्याला म्हणाले, "आधी तुम्ही." आधी तुम्ही! झालं, सही त्याची आधी, नंबर त्याचा आधी. पुढे कधीतरी कॅप्टनची जागा निघाली, एकच निघाली, ती त्याला मिळाली, आणि कंपनीनं नवीन विमानं घेणंच थांबवलं. तो गृहस्थ अजूनही भेटला की यांना कडकडून मिठी मारतो आणि हेही मारतात. मी लांबूनच नमस्कार करते.

मला वाईट वाटतं हो. खरंच वाटतं. कारण माणूस कामाला चोख आहे. एकदा मीच त्या विमानात होते. वारा असा, की बाजूच्या बाईनं माझा हात घट्ट धरला, आणि मला तर ती कोण हेही माहीत नव्हतं. आणि त्या वाऱ्यात विमान असं अलगद टेकलं, की मागे झोपलेल्या पोराला जागही आली नाही. कुणी टेकवलं? यांनी! आणि उतरताना सगळे कोणाचे आभार मानतायत? कॅप्टनचे! ते आपले दारात उभे राहून हसतायत, नाही हो, त्यात काय एवढं... त्यात काय एवढं, म्हणजे? मी तिथेच तोंड उघडणार होते, पण मागून कोणाची तरी बॅग लागली आणि मी पुढे ढकलली गेले. घरी आल्यावर विषय काढला, तर तेच. नंबरानं होईल.

सासूबाई तर लेकाचा फोन आला की आधी जेवलास का विचारत नाहीत, अजून उजवीकडेच बसतोस का विचारतात. यांच्या खांद्यावर तीन पट्ट्या, कॅप्टनच्या चार. तर या माणसानं चार पट्ट्यांची जोडी आणून कपाटात ठेवलीय, मोज्यांच्या मागे. मला माहीत नाही असं यांना वाटतं. एकदा न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, बघते तर हे बनियनवर पट्ट्या धरून आरशासमोर उभे. मी पावलं न वाजवता मागे फिरले.

तर तो दारातला गृहस्थ कॅप्टन झाला, तेव्हापासून रांगेत यांचाच नंबर पहिला. आता फक्त एक कॅप्टन निवृत्त व्हायचा अवकाश. आणि तो कोण? ठणठणीतराव! हे सगळ्या को-पायलटांनी ठेवलेलं नाव. बाकीच्यांना डॉक्टरांची तपासणी म्हटली की घाम फुटतो, कोणाचं ब्लडप्रेशर, कोणाची साखर... हे गृहस्थ मात्र शीळ घालत आत जातात आणि शीळ घालत बाहेर येतात. आमचे हे भेटले की विचारायचे, सर, गुडघा कसा आहे? सरांना कौतुक, काय काळजी करतो पोरगा! गुडघा आपला उत्तम.

पण वय कोणाला चुकलंय? ठणठणीतरावांचं वय भरलं, निरोपसमारंभ ठरला. त्यांनी बागेसाठी रोपंसुद्धा आणून ठेवली. आणि भाषण कोणी करायचं? यांनी! घरात चार वेळा तालीम झाली, माझ्यापुढे. मी म्हटलं, अहो, जरा आवरतं घ्या. म्हणाले, "बरं दिसत नाही गं, माणूस जातोय."

समारंभात हे उभे राहिले. सर, तुमच्याशिवाय त्या डाव्या खुर्चीची कल्पनाच करवत नाही, म्हणाले. तुम्ही उठलात तर आम्ही पोरके होऊ, म्हणाले. आणि डोळे भरले. लोकांना वाटलं दुःखानं, पण मला माहीत होतं, माणूस आनंदानं रडत होता! ठणठणीतराव रुमालात तोंड घालून हुंदके देतायत, त्यांची बायकोही रडतेय. मी टाळ्या वाजवत होते, आणि मनात पट्ट्यांना इस्त्री चालते का याचा विचार.

आणि त्याच आठवड्यात नियम आला. निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढलं. सक्ती नाही बरं का, ज्याला हवं त्यानं थांबावं, ज्याला नको त्यानं जावं. मी म्हटलं, हात्तिच्या, ते तर बागेत रमणार आहेत, आपल्याला काय! एवढ्यात यांचा फोन वाजला. यांनी भाजी चिरता चिरता स्पीकरवर घेतला.

"अरे," ठणठणीतराव म्हणाले, "मी जाणारच होतो. पण तुझं भाषण काही डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मला वाटायचं, मी उठायची सगळे वाट बघतायत. तुझ्यासाठी थांबतोय बघ."

मी सुरी यांच्या हातातून काढून घेतली.

"थँक्यू, सर," हे म्हणाले.

फोन ठेवला. मला रडू येत होतं, यांच्यासाठी येत होतं, पण यांच्याकडे बघितलं तर हे उरलेली भाजी हातानंच मोडत बसलेले. म्हणाले, "होईल. नंबरानं होईल."

आता दोन वर्षांनी ठणठणीतरावांना पुन्हा निरोप द्यायचाय. मी यांना आत्ताच बजावून ठेवलंय, की हे बघा, या वेळी फुलं हातात द्यायची आणि खाली बसायचं, तोंड उघडायचं नाही. तर मला म्हणतात कसे, "असं कसं? बरं दिसत नाही गं, दोन शब्द तरी बोलायला हवेत."