आमच्या गावानं कर्नाटक बंद केला

...नाय नाय, तुम्ही हसू नका! बिडकीनच्या बाजारात जो तो मला बघून हसतोय, तुम्ही तरी हसू नका. तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं मी पंचायतीत मेंबर हाय, गटारीचा ठराव कधी झाला नाय, पण कर्नाटकवर बहिष्काराचा झाला! सीमेवर कुणीतरी आपल्या एसटीला काळं फासलं, अन् आमचे सरपंच पुंडलिकराव टेबलावर मूठ आपटून म्हणले, "आजपासून तिकडचा माल, माणूस, गाडी, काहीच गावात नको! कारभारी, अनुमोदन द्या." दिलं! ठराव म्हणजे ठराव!

बरं, सरपंचाच्या गालात तंबाखू कुठली? निपाणीची! मी म्हणलं, सरपंच, हे वो? तर म्हणे, "निपाणी आपलीच हाय, म्हणून तंबाखू बी आपलीच." म्हणजे तोंडातलं तेवढं आपलं, बाकी सगळं दुश्मनाचं! तूरडाळ कलबुर्गीची निघाली म्हणून अंगणवाडीतल्या लेकरांचं वरण बंद केलं... लेकरं थोडीच मतं देतेत!

आता माझं ऐका. माझी श्रेया, एकुलती एक, एमएस्सी, एकतिसावं लागलेलं. चौदा ठिकाणं मोडली अन् पंधरावं जुळलं! पोरगा सत्यम, माणसं वैजापूरची, पोरगा बेंगलोरला कंपनीत. रविवारी सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं. सुपारी आणायला चांदपाशाच्या दुकानात गेलो, तर तो हात जोडतोय, "कारभारी भाई, सुपारी तो कर्नाटककी है, आपनेच तो बंद कराए ना!" शेवटी कोकणातली मागवली. करता काय? ठराव म्हणजे ठराव!

रविवारी मी कोरा सदरा घालून दारात, अन् तिकडं वेशीत पांढरी गाडी. नंबर केए! अहो, पोरगा बेंगलोरला ऱ्हातो, गाडी काय पैठणचा नंबर लावून पळवील? पोरं वंगणाचा डबा घेऊनच बसलेली. शिकवलं कोणी? मीच! "आधी फासायचं, मंग इचारायचं," मीच टाकलेलं ग्रुपवर, वर तीन झेंडे. नवरदेव फासला, नवरदेवाचा बाप फासला. बाप बोंबलतोय, "आरं मी वैजापूरचा हाय!" अन् पोरं म्हणतेत, "बघा, मराठी बी शिकून आलाय!"

मी धावत जाईस्तोवर सरपंचानं पाहुणे हाताला धरून आपल्या घरी नेले. माफी काय, टॉवेल काय, गरम पाणी काय... अन् साबण? म्हैसूरचा, चंदनाचा! पाणी आणून दिलं त्यांच्या पोरीनं, राजनंदिनीनं. बी.ए. नापास, पण बादली बरोबर वेळेवर उचलली! तासाभरात तिथंच सोयरीक ठरली. घरात सुपारी नव्हती, तर माणूस माझ्याकडं पाठवला, अन् आमच्या मंडळीनं, द्वारकाबाईनं, काय माहीतच नाय बिचारीला, कोकणातली पुडी उचलून दिली!

मी म्हणलं, सरपंच, ठरावाचं काय? "आवो कारभारी, पोरगी दिली म्हंजे आपण कर्नाटकात घुसलोच की!"

श्रेयानं तर पोराचा फोटोच बघितलेला. दोन दिसांनी म्हणली, "पप्पा, तोंड धुतल्यावर कसा दिसत होता वो?"

अठराला लग्न हाय. सत्यमच्या कंपनीतल्या लोकांच्या वीस गाड्या यायच्यात, समद्या केए. वेशीत शिट्टी घेऊन त्या नीट लावून घ्यायला सरपंचानं मला नेमलंय. म्हणले, "कारभारी, तुमच्यावाणी केए नंबर कुणाला ओळखू येत नाय."

खरंय. लांबूनच येतो.